टीबीचा कोर्स पुरा होतो तो घरात

टीबीच्या उपचारात खरा धोक्याचा काळ दीड-दोन महिन्यांनी येतो. तोवर खोकला थांबलेला असतो, ताप उतरलेला असतो, गाल जरा भरलेले असतात. माणूस पुन्हा सकाळची लोकल पकडू लागतो आणि मनात येतं, आता गोळ्या कशाला? भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात हे खरं. पण थोडे जंतू जवळजवळ झोपल्यासारखे पडून राहतात आणि त्यांना संपवायलाच उरलेले महिने लागतात. औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा असतो: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. ही औषधं एकाच गोळीत एकत्र असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला रोज ३, ५० ते ६४ किलोला ४. म्हणजे साधारण १८० सकाळी. आरोग्य केंद्र स्ट्रिप देतं, सकाळ मात्र घरात उजाडते.

घरच्यांनी नेमकं करायचं काय? बहुतेक घरं पहारा सुरू करतात. ‘घेतलीस का? तोंड उघड. पुन्हा विसरलास ना?’ माया असते, पण त्यातून रुग्णाच्या मनात एवढंच ठसतं की आपल्यावर कुणाचा भरवसा नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार झरे मांडले: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं पाहणं, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर आणि आपल्याच शरीराकडून मिळणाऱ्या खुणा. यातला पहिला झरा सगळ्यांत जोरकस आहे, आणि पहाऱ्याने नेमका तोच आटतो.

म्हणून साधी गोष्ट करा. भिंतीवरच्या कालनिर्णयाला पेन दोरीने बांधा आणि गोळी घेतली की त्या तारखेवर खूण रुग्णालाच करू द्या. घरच्यांनी रविवारी एकदा पान पाहावं. रकाना रिकामा दिसला तर ‘का चुकली?’ असा जाब विचारू नका, ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचारा. उत्तर बहुधा साधं निघतं: पहाटेची शिफ्ट, गावी गेलो होतो, मळमळत होतं. शिफ्टचं कारण असेल तर एक दिवसाचा डोस डब्याच्या पिशवीत ठेवता येतो. मळमळीबद्दल केंद्रात विचारून गोळीची वेळ बदलता येते. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊन भरून काढू नये, केंद्रात सांगावा.

चौथा झरा, म्हणजे शरीराच्या खुणा, सहसा दुर्लक्षित राहतो. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर पहिल्याच दिवशी माणूस हादरतो आणि औषध सोडतो. सांगितलेलं असेल तर तोच रंग औषध पोटात गेल्याची खूण वाटतो. मात्र डोळे पिवळे होणं, सतत उलट्या होणं किंवा लाल-हिरवा रंग ओळखू न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता ताट-वाटीबद्दल. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. १० बाय १२च्या खोलीत ताट वेगळं केल्याने संसर्ग अडत नाही, माणूस मात्र घरातून तुटतो. त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवा आणि पहिले काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा. जेवणाचं महत्त्व तर औषधाच्या तोडीचं आहे. झारखंडमधल्या ‘राशन्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिथे रुग्णासोबत घरातल्या इतरांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्यांच्यातला नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये येतात. ते डाळ, अंडी, शेंगदाण्यांवर खर्च व्हायला हवेत.

स्वतः करून पाहण्याने विश्वास येतो, ही गोष्ट मधुमेहात आणखी स्पष्ट दिसते. मधुमेह असेल तर टीबीचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, त्यामुळे अनेक घरांत दोन्ही आजार एकत्र येतात. वडिलांचं इन्सुलिन रोज मुलगी भरते. ती चार दिवस गावाला जाते आणि वडील अडकतात. शिकवायचं टप्प्याटप्प्याने: पहिला आठवडा ती भरेल, ते पाहतील. दुसरा आठवडा ते भरतील, ती रेघ तपासेल. तिसऱ्या आठवड्यात ती फक्त खोलीत असेल. इथे एक चूक फार महागात पडते. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुधा ४० युनिटची, म्हणजे दर मिलिलिटरला ४० युनिट असलेली असते, तिला लाल टोपीची सिरिंज लागते. त्याच कुपीतून नारिंगी टोपीच्या १०० युनिटच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत भरलं, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २०पर्यंत भरलं, तर जातात ५०. त्यातून साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्सुलिन भरणं वडिलांच्या हातून एकदा नीट झालं की सुईची भीती निम्मी होते.

एक फरक मात्र जपायला हवा. ‘मला काही होत नाही’ ही बेफिकिरी झाली. ‘कंटाळा आला तरी मी आजची गोळी घेईन’ हा विश्वास. धीर देताना पहिल्या वाक्याला खतपाणी घालू नये.

आणि प्रत्येक घर आधार देतंच असं नाही. सासरी कळू नये म्हणून गोळ्या डाळीच्या डब्यात लपवणाऱ्या बायका आहेत. त्यांना ‘घरच्यांना सांगा’ हा सल्ला देणं क्रूर आहे. डोसवर लक्ष ठेवणारं माणूस घरातलंच असावं असा नियम नाही. शेजारीण चालते, वस्तीत फिरणारी आरोग्य स्वयंसेविका चालते, बरी झालेली जुनी रुग्ण तर सर्वांत चांगली, कारण तिच्याकडे पाहूनच ‘हिला जमलं तर मलाही जमेल’ असं वाटतं. गोळ्या लपवणाऱ्या बाईच्या घरात लहान मूल असेल तर तिने एवढी गोष्ट तरी सेविकेला सांगावी. मुलाला टीबी नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध मिळतं, आणि आजार लपला तर ते मूल तपासणीच्या यादीतच येत नाही.