पाच किलोचं डोकं, अठ्ठ्याण्णव किलोचा खांदा

२६ मे २०००, फिलाडेल्फिया. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये अंतिम फेरीत कोण जाणार, हे ठरवणारा सातवा सामना. पहिलाच टप्पा चालू होता. फिलाडेल्फिया फ्लायर्सचा एरिक लिंड्रोस पक (खेळायची चकती) घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भागाची हद्द असलेली निळी रेषा ओलांडून आत घुसला आणि मधल्या बाजूला वळला. सहा फूट चार इंच उंची, वजन १०९ किलोच्या आसपास. नजर खाली, पकवर. समोरून न्यू जर्सी डेव्हिल्सचा कप्तान स्कॉट स्टीव्हन्स आला आणि त्याचा खांदा लिंड्रोसच्या जबड्यावर बसला. लिंड्रोस बर्फावर आडवा. स्टीव्हन्स उभाच्या उभा. पंचांनी शिट्टी वाजवून शिक्षा केली नाही, कारण त्या वेळच्या नियमांत ही धडक बसत होती.

आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. लिंड्रोसवर जेवढं बल लागलं, तेवढंच स्टीव्हन्सवरही लागलं. एक ग्रॅमही कमी नाही. शिवाय दोघांत हलका होता तो स्टीव्हन्सच, ९८ किलोच्या आसपास. मग आडवा कोण व्हायला हवा होता?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आणि हिरवं मैदान आठवतं. आइस हॉकी हे वेगळंच प्रकरण आहे. साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद बर्फ, भोवती भिंत, पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी रबराची चकती, म्हणजे पक. पक ज्याच्याकडे आहे, त्याला अंगाने धडकून अडवायची इथे परवानगी असते. त्याला बॉडी चेक म्हणतात. कबड्डीत चढाईला आलेल्याला धरतात. इथे त्याच्यात घुसतात.

स्टीव्हन्सने या घुसण्याची कला केली. जन्म १ एप्रिल १९६४, कॅनडातल्या किचनरचा. १९८२ मध्ये, अठराव्या वर्षी, वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून तो लीगमध्ये उतरला. पुढे एक हंगाम सेंट लुईसकडून खेळला आणि १९९१ पासून शेवटपर्यंत न्यू जर्सीचा राहिला. सुरुवातीची वर्षं तापट डोक्याची, मारामाऱ्यांची. कारकिर्दीत शिक्षेपोटी तो एकूण २७८५ मिनिटं बाकावर बसला, म्हणजे ४६ तासांहून जास्त. पण निव्वळ दांडगाई करणारा खेळाडू २२ हंगाम आणि १६३५ सामने टिकत नाही. आइस हॉकीत एक हिशेब ठेवतात: समान संख्येने खेळाडू असताना तुम्ही बर्फावर आहात, तर तुमच्या संघाने केलेल्या गोलला अधिक एक, खाल्लेल्या गोलला उणे एक. बावीस हंगामांत स्टीव्हन्सची ही बेरीज एकदाही उण्यात गेली नाही. बचावपटूच्या प्रगतिपुस्तकात याहून चांगला शेरा कोणता असेल, मला सांगता येणार नाही.

तर, त्या धडकेचं गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण गोष्ट त्यांतून कळते. लिंड्रोसचा वेग सेकंदाला ८ मीटर धरू आणि समोरून येणाऱ्या स्टीव्हन्सचा ४ मीटर. दोघं छातीला छाती भिडून एकमेकांना चिकटले असते, तर संवेगाच्या हिशेबाने दोघंही लिंड्रोसच्याच दिशेने सेकंदाला दोनेक मीटर वेगाने सरकत गेले असते. म्हणजे स्टीव्हन्स मागे फेकला गेला असता. या धडकेत जिरणारी ऊर्जा निघते ३७०० ज्यूल. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं साडेसात मीटरवरून खाली सोडलं, तर ते जमिनीवर आदळतं तेवढ्या ऊर्जेने.

प्रत्यक्षात स्टीव्हन्स मागे फेकला गेला नाही. गणितात आपण चुकलो ते इथे: ९८ किलोचा माणूस १०९ किलोच्या माणसाला धडकलाच नव्हता. तो धडकला एका डोक्याला.

माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते धडाशी जोडलेलं असतं मानेने, आणि मान लवचीक असते. धडक असते सेकंदाच्या हजारातल्या दहा-पंधरा भागांएवढी. एवढ्या वेळात धडाचं वजन डोक्याच्या मदतीला पोचतच नाही. म्हणून सामना जवळपास ९८ विरुद्ध ५ असा होतो. तेच वेग घेऊन पुन्हा हिशेब केला, तर डोक्याचा वेग एका झटक्यात सेकंदाला ११ मीटरहून जास्त बदलतो. धडक सेकंदाच्या हजारातले पंधरा भाग टिकली असं मानलं, तर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ७५-८० पट भरतं. आणि स्टीव्हन्सचा वेग? सेकंदाला जेमतेम अर्धा-पाऊण मीटरने कमी झाला. बल तेच, पण एका टोकाला पाच किलो आणि दुसऱ्या टोकाला अठ्ठ्याण्णव. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटी उडवावी तसं. किंबहुना त्याहूनही विषम, कारण स्ट्रायकर सोंगटीच्या वीसपट जड नसतो.

यात बर्फाचाही हात आहे. बर्फाचा वरचा अतिपातळ थर शून्याखालच्या तापमानातही पुरता घट्ट नसतो, म्हणून घर्षण अगदी नगण्य. धावणारा माणूस पाय रोवू शकतो. स्केटरला तिरपं होऊन पात्याची धार बर्फात रुतवावी लागते, आणि त्यासाठी आधी समोरचं दिसावं लागतं. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. दोघं मिळून सेकंदाला १२ मीटरने जवळ येत असतील, तर तेवढ्यात तीन मीटर अंतर संपलेलं असतं. स्टीव्हन्सची खरी हुशारी इथे होती. लांबून पावलं टाकत जोरात येऊन धडकणं नियमाबाहेरचं, म्हणून तो घसरत यायचा, गुडघे वाकवून, वाट अरुंद करत. आपल्याकडे वळणार कोण आणि मान खाली घालणार कधी, हे त्याला आधीच उमगायचं. ताकद सगळ्यांकडे होती, हे नव्हतं.

आता कवटीच्या आत. मेंदू भरतो साधारण १३००-१४०० ग्रॅम, पण तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असल्याने त्याचा भार पन्नासेक ग्रॅमच जाणवतो. सरळ धक्का हा द्रव बऱ्यापैकी सांभाळून घेतो. गोलाकार झटका त्याला झेपत नाही. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी मेंदूच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून हे दाखवून दिलं. घरी पाहायचं तर घट्ट लागलेल्या दह्याचा वाडगा घ्या. तो टेबलावर सरळ पुढे ढकलून थांबवा. दही थरथरतं, पण बहुधा मोडत नाही. मग तोच वाडगा जागच्या जागी झटकन अर्धा फिरवा आणि थांबवा. कडेचं दही वाडग्याबरोबर जातं, मधलं मागे राहतं, आणि भेगेत पाणी सुटू लागतं.

जबडा मानेच्या बिजागरीपासून लांब असतो. त्यामुळे तिथे बसलेला तडाखा डोकं नुसतं ढकलत नाही, गरकन फिरवतो. मुष्टियोद्धे हनुवटीवर नेम का धरतात, तेही यावरून कळावं. हेल्मेट यात फारसं कामाला येत नाही. ते कवटी फुटण्यापासून वाचवतं, आतलं दही फिरायचं ते फिरतंच.

या पिळामुळे चेतापेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात. पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि हे सगळं पुन्हा जागच्या जागी लावायला पेशीला भरमसाट इंधन लागतं. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. यालाच कन्कशन म्हणतात. साध्या स्कॅनमध्ये यातलं बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं, शब्द न आठवणं, अशी तक्रार घेऊन माणूस बसलेला असतो आणि त्याची फिल्म स्वच्छ. ही तूट भरून निघण्याआधी दुसरा तडाखा बसला, तर तो जास्त महागात पडतो. लिंड्रोस त्याआधीच्याच कन्कशनमधून नुकता परतला होता. तो सातवा सामना म्हणजे पुनरागमनानंतरचा त्याचा दुसराच. पुढचा अख्खा हंगाम तो खेळला नाही.

स्टीव्हन्सची अशीच आणखी एक धडक २००३ च्या अंतिम मालिकेत बसली, अ‍ॅनाहाइमच्या पॉल कारियाला. कारिया छोट्या चणीचा, चपळ. तो बर्फावर निपचित पडला होता आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता. कितीतरी क्षणांनी त्याच्या हेल्मेटच्या पारदर्शक काचेवर श्वासाची वाफ धरली. त्याच टप्प्यात तो परत आला आणि त्याने गोलही केला. तेव्हा त्याला शौर्य म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. वर लिहिलेलं पेशींचं हिशेबपुस्तक वाचल्यावर मला ते दृश्य काही तसं पाहवत नाही. कन्कशनमुळेच कारियाने २०११ मध्ये निवृत्ती घेतली.

नियम बदलायला २०१० उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये बोस्टनच्या मार्क सॅव्हर्डच्या डोक्याला बाजूने असाच खांदा बसला आणि पुढच्या हंगामापासून लीगच्या नियमपुस्तकात अठ्ठेचाळिसावा नियम आला: नजरेआडून डोक्याला लक्ष्य करायचं नाही. वर्षभरात ‘नजरेआडून’ ही अटही गेली. लहान मुलांबद्दलचा पुरावा तर त्याहून बोलका होता. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना बॉडी चेकची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. दोन्हीकडची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अल्बर्टातल्या मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ पासून कॅनडाभर त्या वयोगटात धडकेला बंदी आली.

स्टीव्हन्सची कारकीर्द मात्र कोणा धिप्पाड खेळाडूने संपवली नाही. २००३ च्याच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, कारियाच्या धडकेच्या काही आठवडे आधी, टँपा बेच्या पावेल कुबिनाने मारलेला पक त्याच्या कानावर बसला होता. पकचं वजन १७० ग्रॅमपर्यंत, क्रिकेटच्या चेंडूहून किंचित जास्त. ताशी १४४ किलोमीटर वेग धरला, तर त्याचा संवेग लिंड्रोसच्या डोक्याला मिळालेल्या धक्क्याच्या आठव्या हिश्श्याएवढाच. पण पक कडक, डोक्याला टेकतो तो हजारातले एक-दोन भाग. त्यामुळे क्षणिक त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर ते एकशेचाळीस पटींच्या घरात जाऊ शकतं. टाके घालून स्टीव्हन्स पुढच्या सामन्यात उतरला आणि त्याने न्यू जर्सीला तिसरा स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, जिंकून दिला.

पुढच्या हंगामात तो ३८ सामने खेळला. जानेवारी २००४ मध्ये कन्कशनचा त्रास म्हणून थांबला, तो परत बर्फावर उतरलाच नाही. सप्टेंबर २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढल्या फेब्रुवारीत न्यू जर्सीने त्याची चार नंबरची जर्सी सन्मान म्हणून रिंकच्या, म्हणजे खेळायच्या बर्फाच्या, वरच्या छताला टांगली, २००७ मध्ये तो हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला. लिंड्रोसला तिथे पोचायला २०१६ उजाडलं.