श्रीरंगपट्टणचे सुवर्णपदक लिलावात घेण्यापूर्वी

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा किल्ला पडला आणि टिपू सुलतान लढताना मारला गेला. या विजयाच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने काढलेले पदक हिंदुस्थानच्या इतिहासाशी निगडित सुवर्णपदकांमध्ये आम्हाला सर्वांत अभ्यासनीय वाटते. शिवाय जनरल स्टुअर्टच्या हाताखाली मुंबईचे सैन्यही त्या मोहिमेत असल्याने येथील संग्राहकांना त्याविषयी आस्था असणे स्वाभाविक आहे. पदकाच्या एका बाजूस वाघाला खाली दाबून धरणारा सिंह आहे, तर दुसऱ्या बाजूस किल्ल्यावरील हल्ल्याचे दृश्य आहे. बर्मिंगहॅम येथील मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या पदकाचा व्यास ४८ मिलिमीटर, तर कलकत्त्यात पाडलेल्याचा ४५ मिलिमीटर असतो.

हे पदक हुद्द्यानुसार वेगवेगळ्या धातूंत दिले गेले. सोन्याचे अतिवरिष्ठांना, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे त्यांच्या खालच्या अधिकाऱ्यांना, आणि त्यापुढे चांदी, ब्राँझ व कथील अशी उतरंड होती. त्यामुळे मुलाम्याचे पदक छायाचित्रात हुबेहूब सोन्याचे दिसते, आणि नुसत्या रंगावरून बोली लावणाऱ्याची फसगत होऊ शकते. धातू पडताळण्यासाठी पदकाचे हवेतील वजन घ्यावे, पाण्यात बुडवल्यावर ते जितके घटते त्या आकड्याने त्यास भागावे. उत्तर शुद्ध सोन्यास सुमारे १९.३ आणि चांदीस सुमारे १०.५ येते. अर्थात, या परीक्षेने केवळ धातू कळतो; जुन्या ठशांवरून नंतरच्या काळात पाडलेले पदक ओळखण्यासाठी अक्षरांची धार आणि पृष्ठभाग भिंगाखाली जाणकाराकडूनच तपासून घ्यावा.

मूळ पदकांच्या कडेवर नाव कोरलेले नव्हते. म्हणून ‘अमुक सेनापतीचे पदक’ असे सांगितले गेल्यास त्या घराण्याची कागदपत्रे किंवा जुन्या लिलावांच्या नोंदी अवश्य मागाव्यात, कारण मागणी बरीचशी अशा दाव्यावरच वाढते. मानकऱ्यांनी पदक अंगावर मिरवण्यासाठी स्वखर्चाने कडी झाळून घेतली असल्यास ती त्याच्या इतिहासाचा भाग आहे. ती काढू नये, आणि पदकाला पॉलिश तर मुळीच करू नये.

लिलावात हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नसते. उदाहरणार्थ, बोली १० लाखांवर थांबली आणि खरेदीदाराकडून घेतले जाणारे लिलावगृहाचे कमिशन २० टक्के असेल, तर कर धरण्यापूर्वीच १२ लाख द्यावे लागतात. परदेशातून आणताना सीमाशुल्कही विचारात घ्यावे. शंभर वर्षांहून जुने पदक पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरत असल्याने त्याची विक्री परवानाधारकाकडूनच व्हावी लागते, आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी संग्रह करणाऱ्या ग्राहकांनी ही बाब बोली लावण्यापूर्वीच आमच्याशी बोलून घ्यावी.