'आं?' हा पण एक शब्दच आहे

एका-दोन अक्षरांच्या शब्दांचं मला भारी कौतुक. भाषा बदलली की त्यांचा अर्थ काहीच्या काही होतो, ग्रीकमधे 'ने' म्हणजे हो, जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, आणि जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप, आईला तिकडे 'देदा' म्हणतात.

पण एक शब्द असा आहे जो कुठेही गेलात तरी जवळपास तसाच भेटतो. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की आपण पटकन 'आं?' किंवा 'हं?' करतो ना, तोच. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या मार्क डिंगेमान्सा, फ्रान्सिस्को तोरेरा आणि निक एनफिल्ड यांनी २०१३ मधे यावर पेपर काढला. लोकांच्या रोजच्या गप्पांची रेकॉर्डिंग्ज घेऊन १० भाषांमधला हा शब्द त्यांनी बारकाईने तपासला. रशियनमधे 'आ?', स्पॅनिशमधे 'ए?', डचमधे 'हे?', आइसलँडच्या भाषेत 'हा?', आणि ऑस्ट्रेलियातले आदिवासी, घाना, इक्वेडोर इथल्या एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या भाषांमधेही तसाच काहीतरी!

असं का होत असेल? तर गप्पांमधे एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि एखादा शब्द डोक्यात जुळवून तोंडावर आणायलाच ६०० च्या आसपास जातात. त्यात ऐकूच आलं नसेल तर उत्तर काय जुळवणार, पण गप्प बसलं तर गाडी पुढे निघून जाते. मग जीभ फारशी हलवावी न लागता जो आवाज निघेल तोच कामाला येतो, वर प्रश्नाचा सूर लावला की झालं. शार्क आणि डॉल्फिन यांचं जवळचं नातं नाही पण पाण्यात राहून दोघांचा आकार सारखा झाला, तसंच हे.

मग हा शिंकेसारखा आपोआप निघणारा आवाज आहे का? नाही, आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. मुलं तो शिकतात, आणि प्रत्येक भाषा त्याला आपल्या वळणावर नेते. आइसलँडच्या भाषेत प्रश्नाचा सूर खाली उतरतो म्हणून त्यांचा 'हा?' पण खाली उतरतो, आपला वर चढतो. आपल्याकडे तर नुसत्या सुरावर अख्खा कारभार चालतो बघा, वर गेला तर 'हं?' म्हणजे काय म्हणालास, खाली आला तर 'हं' म्हणजे बरोबर आहे, लांबवला तर 'हंऽऽ' म्हणजे ऐकतोय, बोल पुढे, आणि 'अंहं' म्हणजे सरळ नाही.

या कामाला २०१५ मधे इग नोबेल मिळालं, ते आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात. त्याच वर्षी १२ भाषांवरचा पुढचा अभ्यास आला, त्यात 'आं?' सोबत 'कोण?', 'कुठे म्हणालास?' असले सगळेच प्रश्न मोजले, तर सरासरी दर १.४ मिनिटाला कोणीतरी बोलणं थांबवून असं काहीतरी विचारत होतं, म्हणजे तासाभराच्या गप्पांत चाळीसेक वेळा.