सरपंच पती

सरपंचपद बाईच्या नावावर आणि कारभार नवऱ्याच्या हातात, ही महाराष्ट्रात गावोगाव दिसणारी पद्धत. कुठे नवऱ्याच्या जागी सासरा असतो, कुठे दीर किंवा मुलगा. १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या, राज्याने २०११ मध्ये त्या ५० टक्के केल्या आणि महिला आरक्षण पडलं की घरातली सून उभी करायची हे ठरूनच गेलं.

उमेदवार भावकीच्या बैठकीत ठरतो, तिथे ती स्वतः बहुतेक वेळा नसतेच. लेकीला उभं करत नाहीत कारण ती लग्न होऊन जाणार. पण जागा मागासवर्गीय महिलेची असेल तर सुनेची जात माहेरावरून धरतात, म्हणजे जात पडताळणीला बापाचे, आजोबाचे शाळेचे दाखले आणा, त्यात लग्नानंतर नाव बदललेलं, मग कागदावरची ती आणि ही बाई एकच हे सिद्ध करत बसा! भावाने साथ दिली नाही तर सगळं तिथेच अडकतं. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तरी पद जातं, आणि मुलं किती व्हायची हे बऱ्याच घरांत तिला कुणी विचारलेलंच नसतं, मला तरी हा अन्याय वाटतो.

निवडून आल्यावर मासिक सभेत नवरा शेजारी खुर्ची टाकून बसतो, ग्रामसेवक त्याच्याशीच बोलतो, सभेचं इतिवृत्त असलेलं प्रोसिडिंग बुक सहीला घरी जातं. समोर चुलत सासरे, थोरले दीर बसलेले, त्यांच्यापुढे आवाज चढवायचा नाही ही सवय लग्नापासूनची, ती खुर्ची मिळाली म्हणून जात नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ मध्ये शेतकरी संघटनेचं फक्त महिलांचं पॅनेल निवडून आलं आणि पुढे संघटनेच्याच लक्ष्मीमुक्ती मोहिमेत तिथल्या नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली, सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला घरातच गप्प बसवणं अवघड. रक्षा खडसे राजकारणात एकनाथ खडसेंच्या सून म्हणूनच आल्या, पण कोथळीच्या सरपंच, मग जिल्हा परिषद, २०१४ ला रावेरच्या खासदार आणि २०२४ ला केंद्रात राज्यमंत्री झाल्या.

कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरतीच होते. जिथे खरी भरते तिथे पाणी, रेशन, दारूबंदी असे विषय बायकाच मांडतात, आणि सासरे-दीर समोर नसल्यामुळे सरपंचबाईही मोकळी बोलते.