कोरीव लॅकरच्या चिनी डब्या

लाकडी सांगाड्यावर एका झाडाच्या चिकाचे अनेक थर चढवून त्या जाड लेपात नक्षी कोरलेल्या, झाकण असलेल्या डब्या. लाल रंगाच्या कामाला चिनी भाषेत 'थीहुंग' म्हणतात. लॅकर म्हणजे लाख असा समज सहज होतो, पण लाख किड्यांपासून मिळते, तर चिनी लॅकर हा झाडाचा चीक असतो. हे झाड आंबा, काजू व बिब्बा यांच्या कुळातले असून, त्याचा ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्याप्रमाणे फोड येतात.

हा चीक उन्हात सुकवून चालत नाही. तो उबदार, दमट हवेतच घट्ट होतो. एक पातळ थर पक्का झाल्याखेरीज दुसरा देता येत नसल्यामुळे, शंभरावर थरांच्या डबीचा नुसता लेप तयार व्हायलाच महिनोन्‌महिने लागतात, आणि एवढे करूनही त्याची जाडी काही मिलिमीटरच भरते. लाल रंग हिंगूळ या पाऱ्याच्या लाल खनिजाचा असतो. कोरताना सुरी घसरली तर चूक झाकता येत नाही.

युआन राजघराण्याच्या काळात (१२७१–१३६८) चच्यांग प्रांतातील चांग छंग व यांग माओ हे कारागीर नावाजले. मिंग सम्राट युंगले याच्या कारकिर्दीतील (१४०३–१४२४) काम संग्राहक सर्वश्रेष्ठ मानतात, आणि ते योग्यच आहे: भरदार फुलांच्या पाकळ्यांच्या कडा घासून इतक्या मऊ केलेल्या असतात की सुरीचा माग उरत नाही. १४०३ मध्येच अशा वस्तू जपानच्या माजी शोगुनाला (लष्करी शासकाला) भेट गेल्या होत्या. पुढे छिंग सम्राट छ्येनलुंग (१७३६–१७९५) याच्यासाठी सूचौ शहरात झालेले काम अधिक बारीक व धारदार आहे, पण काहीसे दाटीवाटीचेही.

संग्रह करताना तळावरील राजमुद्रेवर विसंबणे धोक्याचे असते. युंगलेची मुद्रा सुईने ओरखडल्यासारखी बारीक असते, म्हणून ती मागाहून घालणे सोपे; शिवाय काही डब्यांवर ती पुसून वा झाकून त्यानंतरच्या श्वेनद (१४२६–१४३५) या सम्राटाची, सोने भरलेली मुद्रा कोरलेली आढळते. मुद्रेपेक्षा नक्षीच्या खाचा पाहाव्यात. खऱ्या कामात खाचेच्या भिंतीवर थरांच्या रेघा भिंगाखाली दिसू शकतात. साच्यात ओतलेल्या राळेच्या नकलेत खाचांचे तळ बोथट असतात व झाकणाच्या कडेला जोडाची रेघ राहते. कडा मऊ असणे एवढ्यावरून मात्र नक्कल ठरवू नये, कारण युंगलेकालीन अस्सल कामाचेही तेच लक्षण आहे.

कोरड्या हवेत आतले लाकूड आकसते आणि लेपाला तडे जातात, तर प्रखर प्रकाशाने पृष्ठभाग निस्तेज होतो. त्यामुळे संग्रहालये या डब्या मंद उजेडात, आर्द्रता स्थिर ठेवलेल्या कपाटांत मांडतात.