डब्ल्यूएमएम आणि क्यूओएस: दोन बटणं, दोन वेगळ्या रांगा

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलं की 'प्राधान्य' दोन ठिकाणी भेटतं. वायरलेसच्या पानावर डब्ल्यूएमएम आणि दुसऱ्याच कुठल्या तरी पानावर क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय). काही राउटरमध्ये पहिल्यालाच 'वायफाय क्यूओएस' असं नाव दिलेलं असतं, मग तर घोळ पक्का. संध्याकाळी माझा व्हिडिओ कॉल अडखळायचा, तेव्हा मी कित्येक दिवस डब्ल्यूएमएमशी खेळत बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

डब्ल्यूएमएम म्हणजे वायफाय मल्टिमीडिया, आणि त्याची सत्ता फक्त हवेत चालते. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. आपला राउटर, घरातले फोन, लॅपटॉप आणि त्याच चॅनेलवर असला तर शेजाऱ्यांचा राउटरसुद्धा, सगळे आपल्या पाळीची वाट बघत असतात. चॅनेल मोकळं झालं की प्रत्येक जण क्षणभर थांबतो, मनात एक आकडा धरतो आणि तो मोजून संपला की बोलतो. या थांबण्याचे डब्ल्यूएमएम चार वर्ग पाडतं: व्हॉइस, व्हिडिओ, साधं आणि बॅकग्राउंड. साधं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पहिल्या खेपेला ० ते १५ मधला आकडा धरतं, व्हॉइसचं पॅकेट ० ते ३ मधला. ५ गिगाहर्ट्झवर ही एकेक मोजणी ९ मायक्रोसेकंदांची असते. व्हॉइसचा नंबर आधी लागण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते, पण हमी मिळत नाही.

'मग सगळंच व्हॉइसमध्ये टाकू की' असं वाटेल. तसं केलं तर सगळी उपकरणं त्याच चार आकड्यांत कोंबली जातात. दोघांनी एकच आकडा धरला की टक्कर होते आणि दोघांनाही पुन्हा पाठवावं लागतं.

कुठलं पॅकेट कुठल्या वर्गात, हे त्याच्यावरच्या शिक्क्यावरून ठरतं. हा शिक्का म्हणजे डीएससीपी, ० ते ६३ मधला एक आकडा. आवाजासाठी रूढ आकडा ४६. शून्य-एकच्या भाषेत ४६ म्हणजे १०१११०, आणि कित्येक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणं, घरी हे काम राउटरच करतो) यातले पहिले तीनच अंक बघतात. १०१, म्हणजे ५. वायफायच्या तक्त्यात ४ आणि ५ व्हिडिओचे, व्हॉइसचे ६ आणि ७. म्हणजे आयपी फोननं (नेटवर्कवरून चालणाऱ्या फोननं) अगदी नियमानं शिक्का मारला तरी आवाज एक पायरी खाली उतरतो! २०१८च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात याच कारणानं ४६ला ६ द्या असं सुचवलंय. ऑफिसात आयपी फोन असतील आणि ॲक्सेस पॉइंटवर डीएससीपी मॅपिंगचं पान असेल, तर ही एक ओळ उघडून बघाच. घरी एवढा खटाटोप सहसा फळत नाही, कारण इंटरनेटवरून येणाऱ्या पॅकेटवरचा शिक्का अनेकदा वाटेतच पुसला गेलेला असतो.

बाकी डब्ल्यूएमएम चालू ठेवा आणि विसरून जा. वायफायच्या ८०२.११एन आणि त्यापुढच्या पिढ्यांचे वेग त्यावरच उभे आहेत. बंद केलंत तर कनेक्शन ५४ एमबीपीएसच्या जुन्या जमान्यात जाऊन बसण्याची शक्यता मोठी. 'नो ॲक' (पोच न मागता पॅकेट पाठवणं) हा पर्याय बंदच असू द्या.

क्यूओएसची रांग वेगळी. ती लागते घरातून बाहेर पडायच्या तोंडाशी, जिथे इंटरनेटची तार सुरू होते. माझ्याकडे अपलोड २० एमबीपीएस. फोन मात्र वायफायवरून त्याच्या दसपट वेगानं राउटरकडे ओततो. संध्याकाळी घरातल्या एका फोनचं फोटो बॅकअप सुरू झालं की जादाची सगळी पॅकेट्स मोडेममध्ये तुंबायची आणि माझा आवाज त्यांच्या शेपटाला. हवा मोकळीच होती, त्यामुळे डब्ल्यूएमएमला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे कळलं दोन पिंगमुळे (पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं). लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या, एकीत राउटरला पिंग, दुसरीत ८.८.८.८ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), आणि बॅकअप सुरू केलं. राउटरकडून उत्तर ३-४ मिलिसेकंदांतच येत राहिलं, बाहेरचं १५ वरून ४००च्या पुढे गेलं. म्हणजे तुंबलंय ते तारेच्या तोंडाशी. राउटरचाच पिंग उड्या मारायला लागला तर दोष हवेत शोधायचा: चॅनेल बदला, ५ गिगाहर्ट्झवर जा, राउटर कपाटातून बाहेर काढा.

क्यूओएस लावताना लोक एक गोष्ट हमखास चुकतात, ती म्हणजे वेगाच्या रकान्यात प्लॅनचा आकडा टाकतात. रांग मोडेममध्ये लागत असेल तर राउटर तिची शिस्त लावणार कशी? ती आपल्या हातात यायला हवी, म्हणून प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरायचा. मी १८ भरला. राउटरमध्ये एसक्यूएम, केक किंवा एफक्यू-कोडेल असा पर्याय दिसला तर तोच घ्या. 'गेमिंग पहिलं, व्हिडिओ दुसरा' अशा याद्या भरत बसण्यापेक्षा तो बरा, कारण प्रत्येक प्रवाहाला तो आळीपाळीनं सोडतो आणि रांग लांबूच देत नाही.

यातही खोट आहे. क्यूओएस चालू केलं की पुष्कळ राउटरमध्ये हार्डवेअरचा वेगवान रस्ता बंद होतो आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. ५०० एमबीपीएसचा प्लॅन आणि स्वस्तातला राउटर असेल तर डाउनलोड बरंच खाली येऊ शकतं. मग क्यूओएस फक्त अपलोडला लावता येतं का ते बघा. सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरवर तर वेग तासातासाला बदलतो, तिथे सकाळी भरलेला आकडा रात्री खोटा ठरतो. माझ्याकडे बॅकअप आता थोडं सावकाश होतं, आणि बाहेरचा पिंग तेव्हाही तिशीच्या आत असतो.