चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची : दुर्मीळ फ्रेंच गाड्यांची ओळख कशी ठरते?

दुसऱ्या महायुद्धाआधीची महागडी फ्रेंच गाडी एका कंपनीची म्हणणं बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. दलाहे, दलाज, टॅल्बो-लागो या कंपन्या अनेकदा इंजिनासह नुसती चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, विकत. बुगाटीच्या स्वतःच्या बॉडी असत, तरी नुसती चासीही मिळे. गिऱ्हाईक ती फिगोनी ए फालास्की किंवा साउचिकसारख्या बॉडी बांधणाऱ्यांकडे पाठवी आणि तिथे पत्रा हातानं ठोकून गाडीला रूप येई. फॅशन बदलली की जुनी बॉडी उतरवून नवी चढवण्यात कुणाला वावगं वाटत नसे. आज एखादी गाडी अस्सल की जोडकाम, यावर जे वाद रंगतात त्यांची मुळं या व्यवहारात आहेत.

बुगाटी रोयालचा किस्साच पाहा. १२.७ लिटरचं इंजिन असलेली ही गाडी एत्तोरे बुगाटी यांनी राजेरजवाडे डोळ्यांसमोर ठेवून काढली. बनल्या सहा, सुरुवातीला गिऱ्हाईक मिळालं तिघींना, आणि त्यांत राजा एकही नव्हता. पहिली १९३२ साली आर्मां एस्देर या कपड्यांच्या कारखानदारानं घेतली. त्याला रात्री गाडी चालवायची नव्हती, म्हणून एत्तोरेंचा मुलगा जां यानं तिच्या पुढच्या भागावर हेडलाइटच ठेवले नाहीत. पुढे मालक बदलला, ती देखणी उघडी बॉडी काढून टाकली गेली आणि त्याच चासीवर बिंदेर यांच्या कारखान्यात बांधलेली बंद बॉडी बसली. पूर्व फ्रान्समधल्या म्युलूझच्या संग्रहालयात आज बिनहेडलाइटची ‘एस्देर’ दिसते खरी, पण ती नंतर घडवलेली प्रतिकृती आहे. एस्देरनं विकत घेतलेली चासी बिंदेरच्या बॉडीखाली दुसरीकडेच आहे. मला विचाराल तर एस्देरची गाडी म्हणजे ती चासी. पण संग्रहालयात लोक थांबतात ते प्रतिकृतीपाशी.

युद्धानंतर फ्रेंच सरकारनं मोठ्या इंजिनांवर जबर कर बसवले. त्या करांनी आणि बदललेल्या बाजारानं या कंपन्या एकेक करून संपल्या. १९५४ मध्ये दलाहे हॉचकिसमध्ये विलीन झाली, बुगाटी १९६३ मध्ये हिस्पानो-सुईझाकडे गेली. जुन्या गाड्या कवडीमोलानं भंगारात निघाल्या. एकीचं इंजिन दुसरीत, तिसरीचा गिअरबॉक्स चौथीत, असे प्रकार त्याच काळातले.

म्हणून तपासणारा आधी रंगाकडे बघतच नाही. चासीवर, इंजिनच्या क्रँककेसवर (खालच्या धातूच्या पेटीवर), गिअरबॉक्सवर, मागच्या अ‍ॅक्सलवर ठोकलेले क्रमांक तो वाचतो आणि कारखान्याच्या वह्यांशी ताडून पाहतो. नुसती क्रमांकाची पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते, त्यामुळे एकट्या पट्टीवर कुणी विसंबत नाही. वाहन नोंदणीची जुनी सरकारी रजिस्टरं टिकली असतील तिथे मालकांची साखळीही जुळवता येते.

या गाड्यांना संग्रहाचा मान मिळवून देण्यात हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या गिरणीमालक भावांचा वाटा मोठा. फ्रिट्झनं साठच्या दशकात झपाटल्यासारख्या बुगाटी गोळा केल्या. अमेरिकेतल्या एकाच संग्राहकाकडून तीस गाड्या घेतल्या. म्युलूझच्या गिरणीत गुपचूप त्यांची दुरुस्ती चाले. धंदा बुडाला, १९७७ मध्ये कामगारांनी ती जागा ताब्यात घेतली, तेव्हा चारशेहून अधिक गाड्यांचा हा खजिना जगापुढे आला. म्युलूझचं संग्रहालय ते हेच. तोवर दुरुस्ती म्हणजे गाडी नव्यासारखी चकचकीत करणं, हाच सर्वत्र समज होता.

तो समज हळूहळू ढळला. १९३० च्या दशकापासून इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी पडलेली बुगाटी ब्रेशिया २००९ मध्ये वर काढली. पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात तिला २,६०,५०० युरो मिळाले आणि नव्या मालकानं तिचा गंजही जपला. २०१५ मध्ये पश्चिम फ्रान्समधल्या वाहतूक व्यावसायिक रोजे बायों यांचा संग्रह लिलावात आला. पडक्या शेडखाली अनेक दशकं सडलेल्या टॅल्बो-लागो आणि दलाहे होत्या तशाच, धुळीसकट विकायला काढल्या. सगळ्या मिळून रक्कम अडीच कोटी युरोंवर गेली. त्यातला मोठा वाटा मात्र एका फेरारीचा.

दुसऱ्या टोकाला आहे १९३५ ची बुगाटी एरोलिथ. वेल्डिंग करताना पेट घेऊ शकणाऱ्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची ही बॉडी, म्हणून मधोमध पत्र्याची उभी कड ठेवून तिला रिव्हेट मारले होते. मूळ गाडी हरवली. कॅनडातल्या एका कारखान्यानं जुन्या छायाचित्रांवरून, त्या काळच्या चासीवर, त्याच धातूत ती पुन्हा घडवली. कारागिरी अफाट, पण मूळ गाडी तिला कुणीही म्हणत नाही.

एरोलिथवरूनच पुढे ‘अटलांटिक’ आली, अवघ्या चार. त्यांतली एक १९५५ मध्ये रेल्वे फाटकावर चिरडली गेली आणि पुढे तुकड्यांतून पुन्हा उभी राहिली. जां बुगाटीची काळी, चासी क्रमांक ५७४५३, युद्धात गायब झाली. बोर्दोला पाठवायच्या गाड्यांच्या यादीनंतर तिचा माग लागत नाही. उद्या कुणी काळी अटलांटिक घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला पहिला प्रश्न इंजिनच्या क्रमांकाचाच विचारला जाईल.